झाड मेलं की येते

अर्डिस टॉलेफसननं चौतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या चौतीस वर्षांत तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. बाकी सगळे रडले. पहिलीतली पोरं रडली, त्यांना सोडायला आलेल्या आया रडल्या, आणि एका जानेवारीत बसची फेरी कशी चालते ते बघायला बसलेले नवे मुख्याध्यापक तळ्याकडच्या गोठलेल्या उतारावर सीटला धरून देवाचं नाव घ्यायला लागले. अर्डिसनं आरशातून पाहिलं आणि म्हणाली, "प्रार्थना मनातल्या मनात करा. पोरं घाबरतात."

अशा बाईला निवृत्तीच्या दिवशी शाळेनं भेट काय दिली, तर एक रडकं झाड.

म्हणजे त्या जातीचं नावच तसं. क्रॅबॲपल म्हणून शोभेचं सफरचंदाचं झाड असतं, त्याला बोराएवढी लाल फळं येतात, आणि त्यातही एक प्रकार असा की ज्याच्या फांद्या वर जायच्या ऐवजी खाली लोंबतात. नर्सरीवाले त्याला सरळ रडणारं क्रॅबॲपल म्हणतात. शाळेच्या जेवणघरात केक कापून झाल्यावर शाळा समितीच्या दोघी बायका ते कुंडीसकट ढकलत आल्या. सरळसोट काठी आणि तिच्या डोक्यावर ओला पोछा टाकावा तसा फांद्यांचा झुबका.

"हे निवडताना माझ्यात तुम्हाला नेमकं काय दिसलं?" अर्डिसनं विचारलं.

"अगं, किती नाजूक आहे," समितीची बाई म्हणाली.

अर्डिस पावणेसहा फूट उंच होती आणि तिच्या हाताच्या पकडीत बसचं जाड स्टिअरिंग कमी पडायचं. ती म्हणाली, "बरं. वेगळंच आहे." मिनेसोटाच्या त्या भागात 'वेगळंच आहे' यापुढे शिवी नाही.

घरी नेऊन ती ते कोपऱ्यात टाकून देईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण अर्डिसला कुठलीही गोष्ट वाईट तऱ्हेनं करता यायची नाही, हाच तिचा मोठा दोष. तिनं झाडाला लटकवलेली चिठ्ठी दोनदा वाचली. खड्डा खोल नको, रुंद हवा. मुळांभोवतीचं गोणपाट सोडून टाका. खोडाला भिडवून लाकडाचा भुसा ढिगानं घालू नका. गावात झाडून सगळे खोडाला भिडवून भुसा घालत, टेकडी करून, आणि मग झाड का कुजलं म्हणून चर्चच्या तळघरात पातळ कॉफी पीत हळहळत. अर्डिसनं भुसा वीतभर लांब ठेवला आणि पहिली दोन वर्षं आठवड्याला तीन बादल्या पाणी घातलं. झाड तिनं स्वैपाकघराच्या खिडकीसमोर लावलं, गाडीच्या वाटेपासून दहा पावलांवर.

त्या झाडात तिला एकच गोष्ट मनापासून आवडली होती. ते एक नव्हतं, दोन होती. खाली साध्या रांगड्या सफरचंदाचं खोड आणि त्यावर, डोक्याच्या उंचीवर, ही लोंबती राजकन्या कलम करून बसवलेली. खालच्या गड्याला अधूनमधून वाटायचं की मालक आपणच. मग तो बुंध्यातून सरळ वर जाणारे कोंब काढायचा. दर मार्चमध्ये, बर्फ असतानाच, अर्डिस गुडघ्यावर बसून ते कोंब मुळापासून छाटायची. वरच्या झुबक्यातूनही एखादी फांदी ताठ मानेनं आकाशाकडे निघालेली दिसली की ती पण उडवायची. "माझ्या बसमध्ये उभं राहायचं नाही," असं ती त्या फांदीला सांगायची.

तिसऱ्या वर्षी मेच्या मध्यावर झाड फुललं. आधी लालबुंद कळ्या, मग गुलाबी आणि शेवटी पांढरं, डोक्यापासून थेट गवताला टेकेपर्यंत. अर्डिस भांडी घासता घासता थांबली. दहा दिवस ती त्या खिडकीशी इतकी भांडी घासत होती की एकट्या बाईकडे इतकी भांडी निघतातच कशी, हे कुणी विचारायला हवं होतं.

हिवाळ्याच्या अखेरीला झाडावरची उरलेली फळं गोठून, वितळून आंबायची आणि शेपटीच्या टोकाला पिवळी पट्टी असलेल्या पाखरांचा थवा ती खाऊन झिंगायचा. एखाददुसरं पाखरू खिडकीवर येऊन आपटायचं. अर्डिस त्याला बुटांच्या खोक्यात ठेवायची. शुद्धीवर आलं की ते आभारबिभार न मानता उडून जायचं. ही पद्धत अर्डिसला फार पसंत होती.

कारण आभार ही त्या गावातली सगळ्यात अवघड बाब होती, आणि तिच्या बाबतीत या बाबीचं नाव होतं ऑरिन स्लेटन.

ऑरिन शेजारी. वय पंचाहत्तर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, उन्हाळ्यात मासेमारी आणि हिवाळ्यात मासेमारीची तयारी. टेबलाशी दिवा लावून बसायचा आणि पाखरांची पिसं रेशमी दोऱ्यानं गळाला बांधून खोट्या माश्या बनवायचा, इतक्या हुबेहूब की माशाला काय, माशीलाही फरक कळू नये. अर्डिस निवृत्त झाली त्याच हिवाळ्यात, पहिल्या मोठ्या बर्फाच्या दिवशी, पहाटे साडेपाचला तिच्या दारात घरघर सुरू झाली. ऑरिन आपलं बर्फ उडवायचं मशीन घेऊन तिची गाडीची वाट साफ करत होता. कुणी सांगितलं नव्हतं.

ती झोपेच्या गाऊनवर कोट चढवून दारात आली. "अहो ऑरिन, कशाला उगाच?"

"छे, छे. मशीन चालूच होतं."

"नाही हो, खरंच नको."

"काहीच त्रास नाही."

झालं. अकरा हिवाळे. कुणी ते मशीन बंद केलं नाही आणि कुणी स्पष्ट काही बोललं नाही. अर्डिसला साडेपाचला उठायची बसची सवय होती, निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा तिनं आठपर्यंत झोपायचं ठरवलं होतं, आणि हा माणूस तिला उपकार करून उठवत होता. बदल्यात ती लिंबाच्या वड्या करून ताटली त्याच्या दाराशी ठेवायची. ताटली रिकामी परत करायची नाही, म्हणून तो त्यात माशाचे साफ केलेले तुकडे पाठवायचा. घरात बोलावलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा आत यायचं, हा तिथला रिवाज. अर्डिस दोनदाच विचारायची. त्यामुळे अकरा वर्षांत ऑरिन तिच्या स्वैपाकघरात एकदाही बसला नव्हता.

नवरा तिचा कधीच गेला होता, म्हणजे जिवंत होता, पण दातांच्या दवाखान्यातल्या एका बाईबरोबर डुलुथला गेला होता. "तेव्हापासून त्याचे दात सुधारलेत," असं अर्डिस सांगायची. मुलगा ट्रॉय ॲरिझोनात फीनिक्सला. तिथे त्याच्या अंगणात गवताऐवजी दगड अंथरलेले होते आणि घरामागं आईसाठी एक वेगळी खोली बांधून तयार होती, वेगळ्या एसीसकट.

पाच वर्षांपूर्वी अर्डिस बर्फावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. ट्रॉय विमानानं आला. दोन दिवस तो तिच्या मागे भुणभुणत होता.

"आई, तू इथे एकटी काय करतेस? कुणासाठी थांबलीयस?"

"झाडासाठी."

"कुठल्या झाडासाठी?"

तिनं खिडकीतून दाखवलं. नोव्हेंबरातलं ते झाड म्हणजे नुसत्या लोंबत्या काटक्या. "ते रडकं. ते मेलं की येते."

ट्रॉय हसला. पण त्यानं ते धरून ठेवलं. आईवरच गेला होता. त्यानंतर दर रविवारी दुपारी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "आई, झाड कसं आहे?"

"बरंय," अर्डिस सांगायची. थट्टेत बोललेला शब्दही शब्दच, असं मानणाऱ्यांपैकी ती होती. पण झाड बरंच होतं, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं.

मग तो हिवाळा आला. सशांनी खोडाची साल खाऊ नये म्हणून अर्डिसनं बुंध्याला दोन फूट उंच तारेची जाळी गुंडाळली होती, दरवर्षीसारखी. पण त्या वर्षी बर्फ थांबेचना. एकावर एक सात वादळं झाली, आणि प्रत्येक वादळानंतर ऑरिनचं मशीन साडेपाचला हजर. अर्डिस गाडी मागे घ्यायची ती बस मागे घेतल्यासारखी, एका दमात. म्हणून तिला रस्ता नीट दिसावा अशा विचारानं ऑरिननं सगळं बर्फ रस्त्याच्या बाजूला न टाकता वर, घराच्या बाजूला उडवलं. तिथे झाड होतं. फेब्रुवारीत झाडाभोवती तीन फुटांचा ढीग झाला, वर कडक, माणूस चालेल असा. मग ससा तर चालेलच. जाळी बर्फाखाली गाडली गेली आणि सशांना ताज्या सालीपर्यंत जिना मिळाला.

मार्चच्या शेवटी बर्फ खचलं तेव्हा अर्डिस कोंब छाटायची कात्री घेऊन बाहेर आली आणि तिला ते दिसलं. जाळीच्या वर वीतभर पट्टा, खोडाला चहूबाजूंनी. साल कुठेच नाही. नुसतं पिवळं लाकूड आणि त्यावर दातांच्या बारीक बारीक रेघा.

तिनं कात्री खिशात घातली, घरात गेली आणि जिल्ह्याच्या बागकामाच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिथे निवृत्त हौशी मंडळी फुकट सल्ला देतात. पलीकडची बाई मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरणीच्या आवाजात बोलत होती.

"साल सगळीकडून गेलीय? कुठे बोटभर तरी शिल्लक?"

"नाही."

"मग बाई, ते झाड गेलंय. त्याला अजून कळलेलं नाही, इतकंच. पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळांकडे जातं. साल गेली की मुळं उपाशी. यंदा फुलेल, पण पुढचं वर्ष काही बघणार नाही."

"काहीच उपाय नाही?"

"एक आहे. सालीचा पूल. त्याच झाडाच्या कोवळ्या काड्या घ्यायच्या, आत्ता, कळ्या झोपेत आहेत तोवर. ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायच्या. मेच्या सुरुवातीला रस चढून साल लाकडापासून सुटायला लागली की जखमेच्या खाली एक टोक आणि वर एक टोक सालीत सरकवायचं, बारीक खिळा मारायचा, वर मेण. पण हात स्थिर लागतो हो. थरथरला की संपलं. आहे असं कुणी?"

अर्डिसनं खिडकीतून बाहेर बघितलं. शेजारच्या खिडकीत दिवा होता आणि दिव्याखाली एक टकलं डोकं पिसांवर वाकलेलं होतं.

तिनं लिंबाच्या वड्या केल्या. ताटली घेऊन ती ऑरिनच्या दाराशी गेली, पण या वेळी ठेवून पळाली नाही, बेल वाजवली. मग पाव तास दोघं दारात उभी राहिली.

"बर्फ गेलं म्हणायचं," ती म्हणाली.

"गेलं. येईल परत."

"येईलच म्हणा. तळ्यावरचं?"

"पातळ झालंय. परवा त्यावरून जाताना एकाचा ट्रक आत गेला."

"बाहेर काढला?"

"ट्रक नाही. त्याला काढलं."

"चांगलं केलं." आणि मग श्वासही न घेता, "ऑरिन, तुमचा हात अजून स्थिर आहे ना? झाडाला टाके घालायचेत."

ऑरिन तसाच चपलांवर बाहेर आला. झाडाजवळ उकिडवा बसला, जखमेवर तळवा ठेवला, मग जाळीकडे बघितलं.

"जाळी दोन फुटांची. ससा तीन फुटांवर पोचला कसा?"

"मिनेसोटातले ससे. उंची वाढलीय त्यांची."

ऑरिननं गाडीच्या वाटेकडे पाहिलं. तिथून झाडाकडे. झाडापाशी अजून एक मळकट, भोकाभोकांचा बर्फाचा ढीग शिल्लक होता. तो हळूच उठला आणि त्यानं टोपी काढली.

"हा ढीग माझा आहे."

"कुठला ढीग?"

"अर्डिस. हा ढीग माझा आहे. मला वाटलं, तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून... मी आपलं... अरे देवा. अकरा वर्षांचं झाड." टोपी त्याच्या हातात गोल गोल फिरायला लागली. "मी दुसरं आणून देतो. याहून मोठं. मी आज जातो नर्सरीत, माझी मला लाज..."

"ऑरिन! खाली बस!"

हा बसमधला आवाज होता. अकरा वर्षं वापरात नव्हता, पण गंजला नव्हता. ऑरिन ओल्या गवतात मटकन बसला. रस्त्यापलीकडचा कुत्राही बसला.

"हो, तुझ्याच ढिगानं झालं," अर्डिस म्हणाली. "आता बोलतेच आहे तर सगळंच ऐक. अकरा वर्षं तू मला साडेपाचला उठवतोस. ते मशीन आहे की विमान? मी आठपर्यंत झोपायचं ठरवलं होतं. निवृत्त होऊन अजून एकदाही झोपले नाही. आणि या लिंबाच्या वड्या करून करून मला लिंबाचा वास नकोसा झालाय."

"मला लिंबू चालत नाही," ऑरिन हळूच म्हणाला. "पोटात जळजळतं."

"काय?"

"पहिल्या वर्षीच सांगायला हवं होतं. मग राहिलं."

"मग त्या वड्या जातात कुठे?"

"चर्चमध्ये. पाद्रीबाबांना फार आवडतात."

पाद्रीबाबांचं वजन अकरा वर्षांत का वाढलं याचा उलगडा अशा तऱ्हेनं त्या दुपारी झाला. अर्डिस त्याच्याशेजारी गवतात बसली.

"नवीन झाड नको मला," ती म्हणाली. "हेच हवं. हे मेलं तर मला ॲरिझोनाला जावं लागेल."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हटलंय. ट्रॉयला."

यावर ऑरिननं काही थट्टा केली नाही. बोललेला शब्द म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. तो उठला, पाठीमागचं ओलं झटकलं आणि म्हणाला, "मी चाकू आणतो. पिसं कापायचा, चांगला धारदार आहे."

पेन्सिलीच्या जाडीच्या आठ काड्या त्यांनी त्या दिवशी कापल्या. त्या पाच आठवडे फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी पडून होत्या. रविवारचे फोन येत होते.

"झाड कसं आहे, आई?"

"उभं आहे," अर्डिस सांगायची. हे खोटं नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात साल सुटली. ऑरिन डोळ्यांवर भिंग लावून, हत्यारं फडक्यावर मांडून झाडाखाली बसला. काड्यांची टोकं त्यानं अशी तासली की अर्डिस, जिनं आयुष्यात कुणाचं कौतुक केलं नव्हतं, "हं" म्हणाली. पहिली काडी बसली. खिळा ठोकला, मेण लावलं. दुसरी बसवायला घेतली तशी अर्डिसची नजर काडीच्या जाड टोकाला बांधलेल्या लाल दोऱ्यावर गेली. कापताना तिनंच तो बांधला होता. काडीचं जाड टोक म्हणजे मुळाकडचं, ते खाली हवं, हे फोनवरच्या बाईनं दोनदा बजावलं होतं.

"थांब! उलटी लावतोयस."

"उलटी कशी? झाडावर लटकत होती तशीच धरलीय. शेंडा खाली."

"अरे शेंडा खाली, कारण झाड रडकं आहे! शेंडा शेंडाच असतो. तो वर जायला हवा."

ऑरिननं काडी बघितली, झाड बघितलं, भिंग वर सरकवलं. इतकी वर्षं माशांना फसवणारा माणूस एका झाडाकडून फसला होता. "म्हणजे पहिली..."

"पहिली उलटी गेली."

"काढू?"

"राहू दे. तुझी आठवण म्हणून."

बाकीच्या सात सरळ बसल्या.

आणि त्या वर्षी झाड असं फुललं की लोक गाड्या थांबवायला लागले. पान म्हणून दिसत नव्हतं, नुसता गुलाबी डोंगर. चर्चच्या पत्रकात फोटो आला. समितीची तीच बाई येऊन म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं, किती नाजूक!" अर्डिसनं मान हलवली आणि घरात जाऊन मदतीच्या नंबरवर फोन केला.

"असं फुललंय की बस. म्हणजे बरं झालं ना?"

"तसं नाही हो," बाई म्हणाली. "जिवाची भीती बसली की झाडं असतं नसतं ते सगळं उधळतात. ऑगस्टात बघा. पानं वेळेआधी पिवळी पडली तर समजून जा."

त्या दहा दिवसांत अर्डिसनं एकही भांडं जास्तीचं घासलं नाही. खिडकीचा पडदा ओढून ठेवला. मरणाऱ्याचं कौतुक बघवत नाही, त्यात सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. कुणीतरी फोटो ट्रॉयलाही पाठवला. रविवारी तो म्हणाला, "आई, झाड काय जबरदस्त दिसतंय!" ती म्हणाली, "वेगळंच आहे."

जून आला. उलटी काडी वाळून काळी पडली. आणखी दोन गेल्या. उरल्या पाच. त्यांच्यावरचे कोंब रोज सकाळी येऊन ऑरिन अंगठ्यानं पुसून टाकायचा, काड्यांनी ताकद सालीत घालावी म्हणून. येताना कॉफीचा थर्मास स्वतःचा आणायचा आणि गवतावर बसून प्यायचा. अर्डिस पायरीवर बसून तिची प्यायची. जुलैत खाली वाकून बघितलं तर काड्या पेन्सिलीएवढ्या राहिल्या नव्हत्या. ऑगस्टात पानं हिरवी होती. सप्टेंबरातही हिरवी. ऑक्टोबरात, ज्या आठवड्यात दरवर्षी पिवळी पडायची त्याच आठवड्यात, पिवळी पडली. पाची काड्या अंगठ्याएवढ्या जाड झाल्या होत्या, खोडाला धरून बसलेल्या, हाताच्या बोटांसारख्या.

त्या रविवारी ट्रॉयचा फोन आला. "झाड कसं आहे?"

"ऐक," अर्डिस म्हणाली. "सशांनी साल खाल्ली होती. मरणारच होतं. ऑरिननं टाके घातले. मी तुला सहा महिने सांगितलं नाही, कारण मला भीती वाटत होती. आता ते जगलंय. पण उद्या वीज पडून मेलं तरी मी येणार नाही, ट्रॉय. तुझी खोली चांगली आहे. पण मला नाही यायचं. शब्द मोडला म्हण हवं तर."

मग तो म्हणाला, "आई, मी त्या झाडाबद्दल कधी विचारत होतो?"

अर्डिसनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू कशी आहेस विचारलं की तू म्हणतेस 'बरंय' आणि फोन ठेवतेस," ट्रॉय म्हणाला. "झाडाचं विचारलं की निदान छाटणीचं तरी सांगतेस."

ते पाच मिनिटं बोलले. त्यांच्यासाठी हे भाषणच होतं. फोन ठेवल्यावर अर्डिस बाहेर गेली आणि तिनं बुंध्याची दोन फुटांची जाळी काढून चार फुटांची बांधली. बांधताना डोळ्यांत काहीतरी गेलं असं तिचं म्हणणं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं मोठं वादळ झालं. रात्रभर पडत होतं. अर्डिसला साडेपाचला जाग आली आणि ती घरघर सुरू व्हायची वाट बघत पडून राहिली.

सहा वाजले. साडेसहा वाजले. कुठेच काही नाही. शेवटी तिला हवी होती ती झोप समोर होती, आठपर्यंतची, आणि तिचा डोळा लागेना.

सातला तिनं बूट चढवले आणि फावडं घेऊन बाहेर आली. गुडघाभर बर्फ, दारापासून रस्त्यापर्यंत. तिनं वीस फावडी टाकली. मोडलेलं मनगट ठणकायला लागलं. तिनं मागे वळून बघितलं तर दाराशी ताटलीएवढी जागा मोकळी झाली होती आणि पुढे ती सगळी वाट पडलेली होती. समोर झाड चार फुटांच्या जाळीत सुखरूप उभं होतं. त्याला काही झालं नव्हतं, होणारही नव्हतं. आणि त्या थंडीत उभं राहून अर्डिसला कळलं की ती अकरा वर्षं या घरात राहू शकली ती काही त्या झाडामुळे नाही.

तिनं फावडं बर्फात खुपसलं आणि गुडघाभर बर्फ तुडवत शेजारी गेली. बेलवर बोट ठेवायच्या आधीच दार उघडलं. ऑरिन कोट, टोपी, हातमोजे, सगळं घालून दाराआड उभा होता.

"मेलास की काय?" अर्डिसनं विचारलं.

"नाही."

"मशीन बिघडलं?"

"नाही. तेल घालून ठेवलंय. पाच वाजल्यापासून."

"मग?"

त्यानं खाली बघितलं. "झाड आहे ना तिथं. माझ्या हातून परत..."

"झाडाला चार फुटांची जाळी आहे." अर्डिसनं श्वास घेतला. पुढचं वाक्य तिनं आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, ना नवऱ्याला, ना मुलाला. "ऑरिन, मला एकटीला नाही जमत. ये."

ऑरिननं मशीन चालू केलं. रस्त्यापलीकडचा कुत्रा भुंकायला लागला. बर्फ फेकणाऱ्या नळीचं तोंड त्यानं आपल्या अंगणाकडे वळवलं आणि तासाभरात अर्डिसचं सगळं बर्फ स्वतःच्या दारात, स्वतःच्या खिडकीवर, स्वतःच्या मासेमारीच्या बोटीवर नेऊन टाकलं. काम झाल्यावर बघतो तर त्याचं स्वतःचं दार अर्धं गाडलं गेलेलं.

अर्डिस पायरीवर उभी होती. "कॉफी केलीय. वड्या दालचिनीच्या आहेत. आत ये."

"नको, नको," ऑरिन सवयीनं म्हणाला.

"मी दुसऱ्यांदा विचारणार नाही."

पण तोवर तो उंबऱ्यात वाकून बुटांचे बंद सोडायला लागला होता.